सल्ला हवा: मांत्रिकांच्या युद्धांचा आणि तहांचा काल्पनिक इतिहास कसा रचावा?

शाईची दौत
कादंबरीसाठी एक जग रचतेय. त्यात मांत्रिकांची तीन घराणी आहेत: अग्नीचं, पाण्याचं आणि स्मृतीचं. स्मृतीवाले माणसाची आठवण पुसू शकतात आणि परतही आणू शकतात. कथेच्या आधीचा तीनशे वर्षांचा इतिहास मला लागणार आहे. पाच युद्धं आणि चार तह लिहून झालेत, पण सलग वाचलं की सगळी युद्धं एकाच साच्यातली वाटतात. कुणी सत्तेला हपापलेला महामांत्रिक उठतो, बाकीचे एकत्र येतात, तो मरतो. युती का होते, का मोडते, याला पटण्यासारखं कारणच सापडत नाहीये. सुरुवात कुठून करू? वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.

तिसरा प्रहर
युद्धं तूर्त बाजूला ठेवा. मंत्राला काय लागतं ते आधी ठरवा. अग्नीवाल्यांना एखादं खनिज लागतं आणि त्याच्या खाणी पाणीवाल्यांच्या मुलखात आहेत, एवढं धरलं तरी भांडणाला कारण मिळतं. मग खलनायक लागत नाही. खाण ज्यांच्याकडे आहे त्यांना हल्ल्याची धास्ती, ज्यांच्याकडे नाही त्यांना कोंडी होण्याची. दोघांचीही भीती खरी.

आणि थकवा! एका मोठ्या मंत्रानंतर मांत्रिकाला सावरायला महिना लागत असेल, तर पहिल्याच दिवशी सगळी ताकद ओतणारा पक्ष दुसऱ्या दिवशी उघडा पडतो. अशा वेळी जिंकलेल्यालाही तह हवाच असतो. तुमच्या चारपैकी निदान एक तह असा, विजेत्याने घाईघाईने केलेला असू द्या.

जुनी बखर
वाचायचं असेल तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं सहावं आणि सातवं अधिकरण वाचा. सहाव्यात राजमंडल, म्हणजे राजाभोवतीच्या मित्र-शत्रूंचं वर्तुळ आहे: लगतचा शेजारी तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र, आपण स्वारीवर निघालो की मागून उठणारा तो पार्ष्णिग्राह, शिवाय दोघांच्याही लगतचा बलवान तो मध्यम आणि या सगळ्यांबाहेरचा, त्याहून बलवान तो उदासीन. सातव्यात संधी (तह), विग्रह (वैर), आसन (स्वस्थ बसणं), यान (चाल करून जाणं), संश्रय (दुसऱ्याचा आसरा) आणि द्वैधीभाव हे सहा गुण, म्हणजे परराज्याशी वागण्याची धोरणं. द्वैधीभाव म्हणजे एकाशी संधी करून दुसऱ्याशी विग्रह. तुमच्या स्मृतीवाल्यांना हे धोरण फार शोभेल.

तीनच घराणी असतील तर मात्र मंडल नीट उभं राहत नाही. तिघंही एकमेकांचे शेजारी, मग शत्रूच्या पलीकडचा मित्र आणणार कुठून? अग्निघराण्यात वारसाहक्कावरून फूट पाडा, म्हणजे चौथा पक्ष आपोआप मिळेल.

युती किती झपाट्याने पालटते हे बघायला आपलाच इतिहास घ्या. १७८० मध्ये नाना फडणवीसांनी निजाम आणि हैदर अलीला सोबत घेऊन इंग्रजांविरुद्ध फळी उभारली. १७९० मध्ये तेच मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने हैदरच्या मुलावर, टिपूवर चालून गेले. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम समोरासमोर उभे होते आणि इंग्रज तटस्थ राहिले. पंधरा वर्षांत एवढी उलथापालथ! तीनशे वर्षांत चार तह मला फारच कमी वाटतात.

रानवाट
वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत, फक्त तहांची संख्या वाढवण्याशी नाही. वाचकाच्या लक्षात एखादाच तह राहतो, तो कलमांसकट लिहा. उदाहरणार्थ:

«कलम ३. पाणीघराण्याने खाणीच्या तोंडाशी चौकी ठेवावी, आत उतरू नये. अग्निघराण्याने दर अमावास्येस खनिज तोलून न्यावे. तोल स्मृतीघराण्याच्या साक्षीने व्हावा.»

पुढचं युद्ध या शेवटच्या वाक्यात दडलंय. साक्षीदारच आठवण बदलू शकत असेल, तर तोलावर विश्वास कोण ठेवणार?

मंत्रांवर बंदी घालणारं कलमही ठेवा. ११३९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांवर क्रॉसबो (खटक्याने बाण सोडणारं आडवं धनुष्य) चालवायला बंदी घातली होती, तरी पुढची कित्येक शतकं ते हत्यार युरोपातल्या लढायांत चालतच राहिलं. बंदी कुणी मागितली आणि ती कुणाच्या सोयीची होती, यावर एक अख्खं प्रकरण होईल.

तिसरा प्रहर
युती आतून कशी पोखरली जाते त्याचं एक उदाहरण राहिलं. इराणविरुद्ध ग्रीक नगरराज्यांनी संघ केला, वर्गणीचा खजिना डेलॉस बेटावर ठेवला. इ.स.पू. ४५४ मध्ये तो अथेन्सला हलवला गेला. मित्रांची वर्गणी हळूहळू खंडणीच झाली आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांवर अथेन्सची गलबतं चालून गेली. तुमच्याकडे खजिन्याच्या जागी खनिजाचा सामायिक साठा ठेवता येईल.

शाईची दौत
मनापासून आभार! खाणी आणि कलम ३ दोन्ही घेतेय, अग्निघराणंही फोडते. पाचपैकी दोन युद्धं काढून टाकली, त्यांना कारणच नव्हतं. आता एकच अडचण. साक्षीदाराने तोल खरंच बदलला होता का, हे वाचकाला सांगावं का?

जुनी बखर
सांगू नका. अग्नीवाल्यांची एक बखर लिहा, पाणीवाल्यांची एक. दोन्हींत त्या अमावास्येचा तोल वेगळा येऊ द्या. आणि स्मृतीवाल्यांच्या दप्तरात त्या रात्रीचं पानच नसू द्या.