जुनी मशीद: साल 1796 की 1860?

प्रश्न
मुंबईच्या मांडवीत सॅम्युअल स्ट्रीटवरच्या शार हारहमीम सिनेगॉगचं (ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बोलण्यात ‘जुनी मशीद’) साल कुठे 1796 दिसतं, कुठे 1860. संस्थापकाचं नावही एकीकडे सॅम्युअल इझिकेल दिवेकर, तर दुसरीकडे सामाजी हसाजी दिवेकर. माणसं दोन का? आणि शिलालेखावर हिब्रू साल अक्षरांत असेल तर वाचायचं कसं?

उत्तर 1
माणूस एकच. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या बोलण्यात शमुएलचा सामाजी झाला आणि यहेज्केलचा हसाजी, तसाच अब्राहामचा आबाजी. आडनावं गावावरून: दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. त्यामुळे जुन्या कागदांत नाव शोधताना दोन्ही रूपं बघा, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात.

दिवेकर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी 1796 मध्ये हे सिनेगॉग उभं केलं, ते मुंबईतलं पहिलं. तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले. 1860 हे पुनर्बांधणीचं साल. म्हणून जमातीचा इतिहास लिहिताना 1796 धरा, वास्तूबद्दल लिहिताना 1860.

उत्तर 2
साल वाचायला सोपं आहे. प्रत्येक हिब्रू अक्षराला ठरलेली किंमत असते; त्यांची बेरीज करा, त्यात 1240 घाला. ताव 400, कोफ 100, नून 50, वाव 6, म्हणजे 556. अधिक 1240 केले की 1796. हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वर्ष वजा.

चूक बहुतेक पहिल्या अक्षरात होते. सुरुवातीला ‘हे’ हे अक्षर सुटं असेल तर ते 5000 दाखवतं. त्याचे 5 धरून बेरीज केली की साल पाचाने पुढे जातं. काही ठिकाणी साल धर्मग्रंथातल्या एखाद्या वचनात दडवलेलं असतं. तिथे ठिपका दिलेली किंवा मोठी कोरलेलीच अक्षरं मोजायची.

उत्तर 3
नावाचा घोळही लक्षात असू द्या. बेने इस्रायली सिनेगॉगला मशीदच म्हणत. मस्जिद स्टेशनाचं नाव याच वास्तूवरून पडल्याचं मानलं जातं. जमातीत फूट पडून शारे रासोन हे दुसरं सिनेगॉग उभं राहिलं, ती ‘नवी मशीद’, म्हणून ही ‘जुनी’. काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (1884) ससून घराण्याचं, म्हणजे बगदादी ज्यूंचं; ही इराककडून आलेली वेगळी जमात. डेव्हिड ससून मुंबईत आले ते 1832 मध्ये. त्याआधीच्या नोंदी बगदादी सिनेगॉगच्या दप्तरात शोधू नका.

प्रश्नकर्ता
‘हे’चे 5 मीच मिळवत होतो, म्हणून 1801 येत होतं. आभार.