विषय: यूटीव्हीला स्नो प्लाऊ – ब्लेड किती रुंद, आणि बर्फ टाकायचा कुठे?

प्रेषक: आवार समिती

नमस्कार मंडळी,

आवारासाठी घेतलेली यूटीव्ही (मागे सामानाचा ट्रे असलेली छोटी फोर-व्हील गाडी) उन्हाळ्यात फांद्या आणि खुर्च्या वाहायला छान उपयोगी पडली. हिवाळ्यात तिलाच पुढे प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलायचं रुंद ब्लेड, जोडावा असं समितीत चाललंय. ब्लेड वर-खाली करायला लागणारी विंच (दोर गुंडाळून ओढणारी मोटर) गाडीला आधीच आहे. चाकांच्या बाहेरच्या कडा धरून रुंदी ६० इंच भरते. पार्किंगचा पुढचा भाग डांबरी, मागचा खडीचा. ब्लेड ६६ इंची घ्यावं की ७२? चालवणारे आम्ही सगळेच नवीन आहोत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

---

प्रेषक: एक जुना सभासद

नमस्कार,

७२ इंचीच घ्या. ब्लेड सरळ असताना ६६ पुरेसं वाटतं, पण काम करताना ते बहुतेक वेळ तिरपं असतं. ३० अंश तिरपं केलं की ६६ इंची ब्लेड जेमतेम ५७ इंचांचा पट्टा साफ करतं. म्हणजे एका बाजूचं चाक न काढलेल्या बर्फावरून जाणार, तो दाबून घट्ट करणार, आणि पुढच्या फेरीत तोच थर निघता निघणार नाही. ७२ इंची ब्लेड त्याच कोनात ६२ इंच देतं. दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त. फार नाही, पण चाकं साफ जमिनीवर राहतात.

आता मला जे खरं सांगायचंय ते. यूटीव्ही म्हणजे बर्फ काढणारा ट्रक नव्हे. तिची ताकद इंजिनापेक्षा वजनाशी आणि टायरच्या पकडीशी बांधलेली आहे. हिशेब करून बघा: १.८ मीटर रुंद, १० मीटर लांब पट्ट्यावर २० सेंटिमीटर बर्फ म्हणजे ३.६ घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो धरला तर हे ३६० किलो झालं. तोच बर्फ ओला होऊन बसला की घनमीटरला ३०० किलोवर जातो, आणि त्याच पट्ट्यात हजार किलोंहून जास्त माल साचतो. एवढं ढकलायला गेलं की चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून बर्फ थांबायची वाट बघू नका. ५ ते ८ सेंटिमीटर झाला की पहिला हात मारा, पडत राहिला तर पुन्हा. रात्रभर पडणार असेल तर झोपायच्या आधी एक फेरी मारलीत की सकाळचं काम निम्मं होतं.

ब्लेड घेण्याच्याही आधी ठरवायची गोष्ट म्हणजे बर्फ नेऊन कुठे टाकायचा. पहिल्या बर्फात सगळे जवळच्या कडेला ढीग लावतात, कारण तो थोडा असतो. तो ढीग गोठून दगड होतो, मग तो यूटीव्हीने हलत नाही. पुढचा ढीग त्याच्या अलीकडे, त्याच्या पुढचा आणखी अलीकडे, आणि हिवाळा संपेपर्यंत गाड्या लावायला जागा उरत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, बर्फ हलका असतानाच, तो आवाराच्या पार टोकाला नेऊन टाका. वितळल्यावर पाणी कुठे वाहत जाईल तेही बघा. ढिगाचं पाणी पार्किंगवरून गेलं तर रात्री त्याचाच घसरडा बर्फ होतो. अग्निशामक नळ, पाण्याची जाळी, गॅसचं मीटर यांच्या आसपास ढीग नको. समोरच्या सार्वजनिक रस्त्यावर तर अजिबात ढकलायचा नाही.

चालवताना: फोर-व्हील आणि लो गिअर. रबरी पट्ट्यावर (बेल्टवर) चालणाऱ्या गिअरबॉक्सची गाडी हाय गिअरमध्ये जोर लावत राहिली की पट्टा तापतो, आणि जळक्या रबराचा वास आला की लगेच थांबायचं. वेग माणूस भराभर चालेल तेवढा. धावत येऊन ढिगावर धडक द्यायची नाही. ब्लेडच्या मागच्या स्प्रिंग दगड किंवा कर्ब लागल्यावर ब्लेड पुढे कलू देतात, पण ते अडखळण्यापुरतंच. आधी मधून सरळ एक वाट काढा, मग ब्लेड तिरपं करून इमारतीपासून बाहेरच्या दिशेने फेऱ्या मारा. नांगराच्या फाळावरून माती वळावी तसा बर्फ एका कडेला वळत जातो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवा. टोकाला पोचताना गाडी पुढे जात असतानाच ब्लेड उचलायला लागा, म्हणजे बर्फ ढिगावर चढतो. मागे घेताना ब्लेड आधी पूर्ण वर.

मागच्या ट्रेमध्ये वाळूच्या पोत्यांचं वजन ठेवा, पट्ट्यांनी बांधून, ट्रेच्या मर्यादेत. पुढे ब्लेड आलं की मागची चाकं हलकी होतात, आणि ती पकड परत मिळवायचा हा सगळ्यात सोपा उपाय.

---

प्रेषक: एक सभासद (गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते)

काकांनी लिहिलेलं सगळं पटलं. फक्त विंच मागेच पडली, आणि या कामात सगळ्यात आधी तीच दमते.

विंच गाडी चिखलातून ओढून काढण्यासाठी बनवलेली. इथे आपण तिला तासाभरात शेकडो वेळा फूटभर वर, फूटभर खाली करायला लावतो. पोलादी तार असेल तर ती नेमकी त्याच जागी वाकत राहते, तारा सुटतात आणि हाताला लागतात. प्लाऊसाठी विंचला कृत्रिम धाग्याचा दोर किंवा आखूड पट्टा लावा, आणि दर वेळी निघण्याआधी तो डोळ्याखालून घाला. ब्लेड पूर्ण वर गेल्यावरही बटण दाबून धरलं तर हुक रोलरमध्ये अडकतो, मोटर तापते. ब्लेड जमिनीपासून वीतभर उचललं तरी बहुतेक वेळा पुरतं.

दुसरं, बॅटरी. थंडीत ती मुळातच कमजोर, त्यात दिवे, हीटर, विंच एकदम. इंजिन नुसतं आयडलवर असताना चार्जिंग थोडंच होतं. व्होल्टमीटर बसवून घ्या आणि काम संपल्यावर बॅटरी चार्जरला लावा.

ब्लेड खूप उचलून लांब अंतर जाऊ नका. ते रेडिएटरच्या समोर येतं आणि थंडीतही इंजिन गरम होतं.

खडीच्या भागाबद्दल: ब्लेडखालचे बूट (ब्लेड ज्यांवर टेकून सरकतं ते पाय) इतके खाली करा की धार जमिनीपासून बोटभर वर राहील. एरवी बर्फापेक्षा खडीच जास्त ढकलली जाईल. जमीन पक्की गोठेपर्यंत तिकडे पातळ थर राहू द्यावा. डांबरावर बूट काढून टाका.

---

प्रेषक: आवार समिती

ताई, काका, मनापासून आभार. ७२ इंची नक्की. अजून दोन गोष्टी. मुख्य दारासमोरचा बर्फ ढकलायचा कसा, पुढे तर भिंतच आहे? आणि दाराशी उतार आहे.

---

प्रेषक: एक जुना सभासद

दाराशी गाडी ब्लेड वर ठेवून अगदी जवळ न्या, ब्लेड खाली सोडा आणि हळू मागे ओढा. हलकं ब्लेड मागे ओढताना वरवरचाच थर घेतं, म्हणून तिथे बर्फ कमी असतानाच हे करायचं. शेवटचा हातभर भाग फावड्याने. उतारावर ब्लेड उचलून वर चढा आणि खाली येताना ढकला. चढावर बर्फ ढकलत नेऊ नका. चाकांना साखळ्या लावल्या तर उतारावर फरक लगेच जाणवेल, पण फेंडरला आणि ब्रेकच्या नळ्यांना लागत नाहीत ना ते चाक फिरवून तपासा.

आणि हे प्रत्येक चालकाला समितीने लिहूनच द्यावं: सीटबेल्ट लावूनच बसायचं. गाडी सोडताना ब्लेड जमिनीवर टेकवायचं. दोराने टांगलेल्या ब्लेडखाली हात किंवा पाय घालायचा नाही, काही अडकलं तरी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मुलं आवारात असतील तर बर्फ त्याआधी काढून घ्यायचा, मधे नाही. ढिगाच्या आड खेळणारं मूल सीटवरून दिसत नाही.

---

प्रेषक: दुरुस्तीचं काम करणारी सभासद

अजून एक. बर्फाखाली कर्ब, फुलझाडांचे वाफे आणि जाळी कुठे आहेत हे कोणालाच दिसणार नाही. जमीन गोठायच्या आत कडेने चार-पाच फूट उंचीचे चमकत्या पट्टीचे खांब ठोकून घ्या. गोठल्यावर ते आत जात नाहीत. ब्लेडच्या दोन्ही टोकांनाही झेंड्या लावा, सीटवरून ब्लेडची कड कळत नाही. माउंटिंग प्लेट गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळी येते, तेव्हा मागवण्याआधी मॉडेल आणि साल मला पाठवा, मी जुळवून बघते. आल्यावर बसवायला मी येईन. पहिल्या वापरानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावे लागतील, त्यालाही.

---

प्रेषक: आवार समिती

मॉडेल आणि साल आज संध्याकाळी पाठवतो. खांब येत्या शनिवारी सकाळी ठोकू. काका, ढिगाची जागा दाखवायला त्या वेळी आलात तर बरं होईल. ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांनीही तेव्हाच यावं, म्हणजे जाळ्या आणि नळ कुठे आहेत ते जमीन मोकळी असतानाच बघून ठेवता येतील.