भारतात कन्सोल रुजले नाहीत, याला जबाबदार कोण?

काँट्रावाला
काल इथे एकाने लिहिलं: "निन्टेन्डो ही जपानी कंपनी आजही आपला स्विच हा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, भारतात अधिकृतपणे आणत नाही, कारण आपण तीस वर्षं चोरीचे गेम खेळलो. फुकट्या गिऱ्हाइकासाठी दुकान कोण थाटेल? आपल्याच कर्माची फळं." हे वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

चोरायला आधी दुकानात माल असावा लागतो. निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा कन्सोल जपानमध्ये १९८३ ला आला. आमच्या साताऱ्यात दहा वर्षांनी काय मिळत होतं? मीडियाचा 'लिटल मास्टर' आणि बिननावाचे डबे. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून घेतला. पावती होती, सहा महिन्यांची गॅरंटी होती. हा कशाची तरी नक्कल आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ज्या घराने अस्सल कधी पाहिलंच नाही, त्याला तुम्ही चोर म्हणता?

अस्सल आलं तेव्हाचंही ऐका. १९९५ मध्ये सेगा या जपानी गेम कंपनीने शॉ वॉलेसबरोबर करार केला, म्हणजे दारूच्या धंद्यातली कंपनी. कारण आयातशुल्क ८० टक्के होतं आणि त्यातून वाट काढायची होती. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलची किंमत? १८,००० रुपये! माझ्या बाबांचा चार महिन्यांचा पगार. बरं, यंत्र १९८८ चं, आणि तोवर जपानमध्ये सोनीचं नवं प्लेस्टेशन बाजारात आलेलंही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं तर १ एप्रिल २००१ ला उठली. सरकारने दार लावलं, कंपन्यांनी ते ठोठावायचे कष्ट घेतले नाहीत, आणि दोष पोरांचा?

स्पष्टवक्ता_७९
काल लिहिणारा मीच. १९९५ चं सोडून देतो. २००६ चं बोला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० त्या वर्षी २३ सप्टेंबरला रीतसर आला, १९,९९० पासून. जाहिरातीत युवराज सिंग आणि अक्षय कुमार. आमच्या हॉस्टेलवर सात जणांकडे होता आणि सातही फ्लॅश केलेले, म्हणजे चोरीच्या डिस्क चालाव्यात म्हणून आतलं सॉफ्टवेअर बदललेले. शंभर रुपयांची डीव्हीडी आणायची, चार दिवसांत गेम संपवायचा. त्यातल्या तिघांच्या पार्किंगमध्ये नव्या बाईक होत्या. त्यांना कुठलं शुल्क आडवं आलं होतं? आणि चोरीचे गेम चालावेत म्हणून यंत्रात चिप बसवून देणारे दुकानदार, त्यांनी तर या धंद्याची मुळंच खाल्ली.

सांगलीचा_जुना_दुकानदार
मुळं खाणारा मी. सांगलीत नऊ वर्षं गेम पार्लर चालवलं, तासाला पंधरा रुपये. चिपा मी स्वतःच्या हाताने बसवल्यात, नाकारत नाही. पण का, ते विचारा तरी.

माझ्याकडे एक डॉक्टर यायचे. त्यांची बहीण अमेरिकेतून प्लेस्टेशन २ च्या डिस्क पाठवायची, अस्सल, डॉलर मोजून घेतलेल्या. इथल्या यंत्रावर चालायच्या नाहीत, कारण रीजन लॉक, म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या यंत्रावर चालू न देणारं कुलूप. पैसे देऊन घेतलेला गेम खेळायलासुद्धा चिपच लागायची! आणि मी डीलरशिपसाठी वितरकाला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकदाच आलं: पन्नास यंत्रांची ऑर्डर, पैसे आगाऊ. सांगलीत पन्नास? बिघडलेल्या यंत्राला सर्व्हिस सेंटर पुण्यात. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहूनच माल आणला. तिथला माणूस दोन यंत्रंसुद्धा देत होता, आणि बंद पडलं तर बदलून.

रत्नांग्रीकर
लॅमिंग्टन रोड कशाला, आमच्याकडे वितरक म्हणजे मामा. कुवेत, दुबई, मस्कत. वाडीतला प्रत्येक प्लेस्टेशन गल्फच्या बॅगेतून उतरलाय. तो माल २२० व्होल्टचा आणि पाल या आपल्याकडच्याच टीव्ही-चित्रपद्धतीचा, आपल्या टीव्हीला लावला की चालू. विमानतळावर मामांकडून एकदा यंत्राच्या निम्म्या किमतीएवढी ड्यूटी भरून घेतली, आणि पावतीवर लिहिलं भलतंच. तो माणूस दोन वर्षांनी घरी येत होता हो! खोक्याच्या वर भाच्याचं नाव लिहिलेलं. अजून आठवलं की संताप होतो.

एडिसनहून
गल्फवाले सुखी. मी १९९९ मध्ये न्यू जर्सीहून पुतण्यासाठी प्लेस्टेशन नेला. ११० व्होल्टचा, हे सांगायला विसरलो. दादाने थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. धूर निघाला आणि पोरगं हमसून हमसून रडलं. पुढच्या खेपेला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणि दुसरं यंत्र नेलं, तर एनटीएससी या अमेरिकेतल्या चित्रपद्धतीमुळे चित्र काळं-पांढरं. त्याने तसाच वर्षभर खेळला.

रत्नांग्रीकर
चूक तुमची. विकत घेण्याआधी विचारायचं.

एडिसनहून
कोणाला विचारायचं? हेच तर म्हणतोय. इथल्या दुकानदाराला भारताचं माहीत नाही, भारतात विचारायला दुकान नाही. तुमच्या गल्फला आयतं जुळलं म्हणून शहाणपण शिकवू नका.

स्पष्टवक्ता_७९
व्होल्टेजवर धागा वाहून चाललाय. मुद्दा परत सांगतो. शुल्काचं रडगाणं ब्राझीलला जाऊन सांगा. तिथेही परदेशी माल प्रचंड महाग. पण टेकटॉय नावाच्या कंपनीने सेगाचे मास्टर सिस्टम कन्सोल तिथेच बनवले, स्थानिक कॉमिकमधली पात्रं घालून गेम काढले. कोरियात जपानी मालाचं वावडं, तर सॅमसंगने सेगा आणि ह्युंदाईने निन्टेन्डो आपल्या नावाने विकला. अडचण सगळ्यांनाच होती.

काँट्रावाला
अहो, हा तर माझाच मुद्दा तुम्ही मांडलात! ब्राझीलचे लोक काही संत नव्हते, तिथेही नकली माल होताच. फरक एवढाच की तिथे कुणीतरी कारखाना टाकला. इथे अशी मेहनत प्लेस्टेशन २ च्या उतारवयात दिसली. २००९ ला 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा', पुढच्या वर्षी 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', तेही मुंबईत बनलेलं. गेम म्हणून सामान्यच, खोटं कशाला बोलू. पण मी तिन्ही दुकानातून घेतले, सीलबंद, कारण ते खिशाला परवडत होते.

आणि प्लेस्टेशन ५? जगात नोव्हेंबर २०२०, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१. १२ जानेवारीला बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत संपलं. ४९,९९० रुपये मोजायला रांगेत बसलेली ही माणसं फुकटी होती का? जीएसटी तर कन्सोलवर २०१७ ला २८ टक्के लावला, १८ वर यायला जानेवारी २०१९ उजाडलं.

सांगलीचा_जुना_दुकानदार
त्या बुकिंगला मीही बसलो होतो, मुलीसाठी. मिळालं नाही.

स्पष्टवक्ता_७९
ठीक आहे. लिटल मास्टरच्या, कार्ट्रिजच्या काळातल्या पोरांना चोर म्हटलं, तो शब्द मागे घेतो. डॉक्टरांच्या डिस्कचं मला माहीत नव्हतं. पण ३६० च्या त्या सात जणांबद्दल एक अक्षरही मागे घेणार नाही. त्यांच्या शहरात दुकान होतं, यंत्रावर वॉरंटी होती, खिशात पैसे होते. मी महिन्याला एक अस्सल गेम घ्यायचो, त्यासाठी रात्रीची मेस सोडायचो, आणि ते मला येडा म्हणायचे.

काँट्रावाला
त्या सात जणांची बाजू मी घेत नाही. कोणता गेम घेतला होता पहिला?

स्पष्टवक्ता_७९
गिअर्स ऑफ वॉर. डबा अजून आहे माझ्याकडे.