पोलीस असलेल्या बाबांच्या स्मरणार्थ गावात काय करावे?

प्रश्न – संत्राबाग, नागपूर
माझे बाबा नागपूर शहर पोलीस दलातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी अल्पशा आजाराने घरीच वारले. काटोल तालुक्यातील आमच्या गावी वर्षश्राद्धाला फलक लावायचा असून ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ असा मजकूरही नातेवाइकांनी तयार ठेवला आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही, पण बाबा त्यात कुठे दिसत नाहीत. पोळ्याला ते शेवटच्या एसटीने गावी येत, अंधारातच गोठ्यात जाऊन बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत, आईने झाकून ठेवलेली पुरणपोळी उभ्यानेच खात आणि पहाटे परत निघत, कारण दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त असे. 21 ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी त्यांचे नाव वाचले जावे, यासाठी काही करता येईल का? आणि गावात नेमके काय करावे?

उत्तर – निवृत्त हवालदार, टाकळी
नाव वाचले जाणार नाही. 1959 साली त्याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले 10 पोलीस जवान शहीद झाले. तेव्हापासूनची ही प्रथा असून वर्षभरात कर्तव्य बजावताना ज्यांचा मृत्यू झाला त्यांचीच नावे त्या दिवशी वाचली जातात. मनाला लावून घेऊ नका. मारबत झाली की गणपती, मग दसऱ्याला दीक्षाभूमी, डिसेंबरात अधिवेशन, अशी आमची वर्षे गेली. उभ्याने जेवायची सवय बंदोबस्तातच लागते. माझी तर अजून सुटलेली नाही.

उत्तर – कोंढाळीचा मास्तर
फलकावर पोळ्याचे वाक्य जसे इथे लिहिले आहे तसेच घाला, विशेषणे काढून टाका. कमान मात्र कृपया बांधू नका; गावोगावी त्या कमानींवर आता निवडणुकीची पोस्टरेच चिकटलेली असतात. त्यापेक्षा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांकडे पाहा. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 15 गुण गोळाफेकीचे आहेत, पण 7.26 किलोचा खरा गोळा परवडत नाही म्हणून आमच्याकडची मुले नाल्यातला दगड फेकून सराव करतात, आणि 1600 मीटरची धाव अंधारात डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या उजेडात काढतात. दोन गोळे आणि मोजून आखलेली एक वाट, एवढे जरी दिलेत तरी पुष्कळ आहे.

संत्राबाग
दोघांचेही आभार. काल भावाने टेप धरून पांदण रस्ता मोजला. मारुतीच्या देवळापासून आमच्या विहिरीपर्यंत 800 मीटर भरतो, म्हणजे जाऊन-येऊन धाव पूर्ण होते. गोळे याच आठवड्यात घेऊ. बाबांची शिटीही कपाटात सापडली, ती सरावासाठी मुलांना द्यावी असे मी सुचवले होते. पण आई म्हणाली की मुलांना नवी आणा, ही घरातच राहू द्या.