मदत हवी आहे: खेड-चिपळूण भागात बौद्ध मंदिर किंवा ध्यान केंद्र (विपश्यना सोडून)

लोटे_बदली | 20 एप्रिल, रात्री 11:40
लोट्याला बदली होऊन तीन आठवडे झाले. या भागात एखादं बौद्ध मंदिर किंवा ध्यान केंद्र कोणाला माहीत आहे का? नकाशावर 'बुद्ध विहार' म्हणून ढीगभर खुणा दिसतात. रविवारी दोन ठिकाणी गाडी काढून गेलो, दोन्हीकडे कुलूप. एकीकडे निदान अंगणात कोंबड्या होत्या, दुसरीकडे त्याही नाहीत. उघडं असेल, तासभर शांत बसता येईल, दिवा लावता येईल, एवढंच हवंय. परंपरा कुठलीही चालेल. फक्त विपश्यना सुचवू नका, कारणं आहेत. 1 मेला बुद्ध पौर्णिमा आहे, त्याच्या आत हवंय. लवकर सांगा.

धम्मपथिक | 21 एप्रिल, पहाटे 4:52
भवतु सब्ब मंगलं. तुम्हाला कोल्हापूरजवळ आळत्याचं धम्मालय बरं पडेल. कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे जा. नाहीतर पालघरला धम्म वाटिका, खडवलीला धम्म सरिता आहे. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष, आणि मग विपश्यना. फी नाही, शेवटी ज्याला वाटेल त्याने दान द्यायचं. 'कारणं आहेत' असं मन नेहमीच म्हणतं. मीही सात वर्षं म्हणत होतो.

लोटे_बदली | 21 एप्रिल, सकाळी 8:15
विपश्यना सोडून, असं लिहिलंय हो वर.

धम्मपथिक | 21 एप्रिल, सकाळी 8:20
वाचलं. म्हणूनच सांगितलं.

परशुराम_घाट | 21 एप्रिल, सकाळी 9:05
नक्की राहता कुठे, खेडच्या अंगाला की चिपळूणच्या? किती जण? शिकवणारं कोणी हवं की नुसती जागा? आणि लोट्यात कुठल्या कंपनीत आहात? भाच्याचा केमिकलचा डिप्लोमा झालाय.

लोटे_बदली | 21 एप्रिल, सकाळी 9:30
खेडच्या अंगाला. जागा हवी. कंपनीचं व्यनि (खाजगी निरोप) करतो.

लेणी_भटक्या | 21 एप्रिल, दुपारी 1:10
अहो, खुद्द खेडात छोटी लेणी आहेत! महाडला हायवेलगत गांधारपाले, त्याच तालुक्यात कोल. तळा तालुक्याच्या बाजूला कुडा, 26 लेणी, राजपुरीच्या खाडीवर. खाड्यांच्या तोंडाशी बंदरं, बंदरातून घाटावर जाणारा माल आणि त्या वाटेवर भिक्खूंचे विहार, असा सगळा हिशोब आहे. वर नालासोपाऱ्याला स्तूप, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. बुद्धाचा शिष्य पुण्ण हा मूळचा सोपाऱ्याचा व्यापारी. म्हणजे कोकणात धम्म यायला कुणाला घाट उतरावा लागला नाही, तो समुद्राच्या बाजूनेही होताच. एका दिवसात गांधारपाले आणि कुडा होतं. पाणी बरोबर ठेवा, मे महिन्यात कातळ तापतो.

लोटे_बदली | 21 एप्रिल, दुपारी 1:25
सहल नाही काढायची हो. दिवा लावायचाय.

लेणी_भटक्या | 21 एप्रिल, दुपारी 1:32
लेण्यात दिवा अजिबात लावू नका!! काजळीने दोन हजार वर्षांचं काम खराब होतं.

थिबा_रोड | 21 एप्रिल, दुपारी 3:40
रत्नागिरीला या की. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1886 पासून इथे नजरकैदेत होता. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये राजा गेला, म्हणजे जेमतेम सहा वर्षं राहायला मिळाला. गादीवर यायच्या आधी तो मठात राहून पाली शिकलेला, परीक्षा दिलेला माणूस. विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींचा जन्मही त्याच्याच मंडालेचा. म्हणजे राजा आला आमच्याकडे आणि विद्या गेली गुरुजींच्या इगतपुरीच्या केंद्राला. समाधीही इथेच आहे, बघून घ्या.

परशुराम_घाट | 21 एप्रिल, दुपारी 3:55
ओ थिबा, त्यांनी काय विचारलंय आणि तुम्ही काय सांगताय.

वाडीतला_पोरगा | 21 एप्रिल, रात्री 9:20
जय भीम. दादा, तुम्ही ज्याला कुलूप बघितलंत ते बंद पडलेले विहार नाहीत. आमच्याकडे विहार म्हणजे वाडीचा असतो. बौद्धवाडीतली निम्मी घरं मुंबईला, त्यांच्या मंडळाने वर्गणी काढून बांधलेला. रोज उघडा ठेवायला पुजारी नसतो, तशी आपल्यात पद्धतच नाही. चावी समोरच्या नाहीतर बाजूच्या घरात असते. हाक मारायची, कुणीतरी म्हातारी येऊन उघडून देते. रविवारी वंदना असते, पौर्णिमेला असते, आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, रोज संध्याकाळी वाचन असतं. गाडीतून न उतरता कुलूप बघून परत फिरलात ना? खरं सांगा.

लोटे_बदली | 21 एप्रिल, रात्री 9:41
उतरलो होतो. हाक नाही मारली.

किनारा_ताई | 21 एप्रिल, रात्री 10:15
तुम्ही काहीतरी सांगायचं ठेवताय असं वाटतंय. दिवा कुणाला लावायचाय? 'कारणं' कसली? ते कळलं तर नीट सांगता येईल. माझ्या सासूबाईंना गोराईच्या पॅगोड्यात नेलं होतं. खांबाशिवायचा एवढा मोठा घुमट, आठ हजार माणसं बसतील असा, आणि त्या बाहेर येऊन म्हणतात, 'छान आहे, पण नमस्कार कुठे करायचा?' प्रत्येकाला वेगळं हवं असतं.

लोटे_बदली | 22 एप्रिल, रात्री 12:05
बरं. माझी बायको सिक्कीमची आहे, गंगटोकजवळची. पुण्यात असताना तिच्या ओळखीच्या दोन-तीन मैत्रिणी होत्या, इथे कोणी नाही. बाळ पाच महिन्यांचं आहे, म्हणून दहा दिवसांचं शिबिर वगैरे शक्य नाही. तिला सागा दावा या तिबेटी सणाला लोण्याचे दिवे लावायचे असतात. घरात लावते, पण 'मूर्तीसमोर, चार माणसांत' असं तिचं म्हणणं. मी स्वतः कुठल्याच धर्माचं फारसं काही करत नाही, म्हणून मला यातलं कळत नाही. झालं समाधान?

परशुराम_घाट | 22 एप्रिल, सकाळी 7:30
अहो मग हे पहिल्याच दिवशी लिहायचं ना!

कारवारकर | 22 एप्रिल, सकाळी 10:50
वहिनी कुठल्या परंपरेच्या? तिबेटी बौद्धांत पण घराणी आहेत. मुंडगोडची तिबेटी वसाहत तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ, कोकण रेल्वेने कारवार-अंकोल्यापर्यंत आणि पुढे यल्लापूरवरून. तिथे गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ आहेत, पण ते गेलुग, दलाई लामांच्या परंपरेचे. सिक्कीममध्ये जास्त करून न्यिंगमा आणि काग्यु. न्यिंगमा असतील तर म्हैसूर जिल्ह्यात बैलकुप्प्याचा नामद्रोलिंग मठ, लोक ज्याला सोनेरी मंदिर म्हणतात तो. तिथे बुद्धाशेजारी न्यिंगमांचे गुरू पद्मसंभव यांची मूर्ती आहे, तिला घरच्यासारखं वाटेल. लांब आहे, पण बाळ मोठं झालं की जा.

लोटे_बदली | 22 एप्रिल, सकाळी 11:20
विचारलं. न्यिंगमा म्हणते. पद्मसंभवांचं नाव कोकणातल्या कुणीतरी काढलं म्हणून हसतेय.

दादर_चौपाटी | 22 एप्रिल, दुपारी 12:15
वरळी नाक्याजवळ जपानी मंदिर आहे, निप्पोनझान म्योहोजी. सकाळ-संध्याकाळ ढोल वाजवत 'ना मु म्यो हो रेन गे क्यो' म्हणतात. आपणही शेजारी बसून वाजवू शकतो. माझी शेजारीण पण घरी तेच म्हणते.

कारवारकर | 22 एप्रिल, दुपारी 12:40
शेजारीण बहुतेक सोका गाक्काई या जपानी बौद्ध संघटनेची असेल. मंत्र तोच, दोघेही जपानी भिक्खू निचिरेनना मानणारे, पण तिकडे भिक्खू नसतात, लोक एकमेकांच्या घरी जमतात. आणि यांना हवंय तिबेटी, तुम्ही पाठवताय जपानला.

सम्यक_78 | 22 एप्रिल, दुपारी 2:05
मला एक कळत नाही. बाबासाहेबांनी 1956 मध्ये जो धम्म दिला त्यात लोण्याचे दिवे, मंत्र, लामा कुठे बसतात? आपल्या विहारात हे सुरू झालं तर उद्या लोक नारळ पण फोडतील. कुणाला दुखवायचं नाही, पण वाडीवाल्यांनी विचार करावा.

वाडीतला_पोरगा | 22 एप्रिल, दुपारी 2:30
सम्यक दादा, आपणही वंदनेला मेणबत्ती लावतो, अगरबत्ती लावतो. तेव्हा धम्म बुडत नाही आणि लोण्याने बुडतो? बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या, आपण पाळू. त्या ताईंच्या घरात पिढ्यान्पिढ्या बुद्धच आहे, त्यांना काय सोडायला सांगणार? आणि दीक्षा बाबासाहेबांनी घेतली ती महास्थवीर चंद्रमणींकडून, ते पण ब्रह्मदेशाचेच होते.

सम्यक_78 | 22 एप्रिल, दुपारी 2:48
ते थेरवादी, म्हणजे जुन्या पाली परंपरेचे होते. मुद्दा वेगळा आहे.

धम्मपथिक | 22 एप्रिल, दुपारी 3:00
दोघांनीही दहा दिवस मौन पाळलं तर हा वाद उरणार नाही.

लेणी_भटक्या | 22 एप्रिल, संध्याकाळी 6:30
सिक्कीम म्हटल्यावर राहवलं नाही. पन्हाळेकाजी! दापोली तालुका, कोडजाई नदीच्या काठावर 29 लेणी. सुरुवात हीनयान काळात, पण दहाव्या-अकराव्या शतकात तिथे वज्रयानी लोक होते, म्हणजे तंत्रमार्गी बौद्ध, तिबेटी परंपरा त्यातलीच. त्यांच्या मूर्तींत अक्षोभ्य आहे, महाचंडरोषण आहे. पुढे शिलाहारांच्या काळात गाणपत्य आले, नाथपंथी आले, सगळं एकाच कातळात. महाचंडरोषण म्हणजे अचल, त्याला तिबेटी परंपरेत आजही मानतात. वहिनींना सांगा, त्यांचा देव हजार वर्षांपूर्वी तुमच्या शेजारच्या तालुक्यात येऊन गेलाय. बाळाला कडेवर घेऊन जाता येईल, सकाळी लवकर जा. (दिवा नको.)

लोटे_बदली | 22 एप्रिल, रात्री 8:10
हे वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

वाडीतला_पोरगा | 23 एप्रिल, रात्री 9:00
दादा, आमच्या वाडीतल्या विहारात या. व्यनिमध्ये पत्ता देतो. फक्त 1 मेला नको सांगेन. मुंबईकर आलेले असतात, मिरवणूक, भाषणं, जेवणावळ आणि स्पीकर. बाळ झोपायचं नाही.

कारवारकर | 23 एप्रिल, रात्री 9:25
थांबा, तारीख तपासलीत का? सागा दावा म्हणजे तिबेटी पंचांगाचा चौथा महिना, त्याची पौर्णिमा मोठी. ती कधी आपल्या बुद्ध पौर्णिमेलाच पडते, कधी महिनाभर पुढे.

लोटे_बदली | 23 एप्रिल, रात्री 9:50
तिला विचारलं. 31 मे. 'तू कधी विचारलंस?' म्हणाली.

परशुराम_घाट | 23 एप्रिल, रात्री 9:52
लवकर सांगा लवकर सांगा म्हणून आम्हाला पळवलंत.

किनारा_ताई | 24 एप्रिल, सकाळी 9:10
लोणी उन्हाळ्यात वितळून वाहून जाईल. निरांजन घ्या आणि फुलवाती. फुलवात तुपात उभी राहते, तिबेटी दिव्यातही वात मधोमध उभीच असते ना? साधी लांब वात नको.

लोटे_बदली | 24 एप्रिल, सकाळी 9:40
बरोबर, उभीच असते. तुपाऐवजी डालडा चालेल का विचारतेय, तिकडे हल्ली तेच वापरतात म्हणे.

किनारा_ताई | 24 एप्रिल, सकाळी 9:44
चालेल. स्वस्त पडेल आणि घट्टही राहतं.

लोटे_बदली | 2 जून, रात्री 10:30
उशिरा लिहितोय. परवा गेलो होतो. पोहोचलो तेव्हा कुलूपच होतं, यावेळी हाक मारली. समोरच्या घरातल्या आजी चावी घेऊन आल्या, आधी बाळाला घेतलं आणि मग दार उघडलं. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली सतरंजी. हिने आधी पाण्याच्या सात वाट्या मांडल्या. आम्ही आणल्या होत्या पाच, दोन आजींनी घरून स्टीलच्या दिल्या. वाट्यांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढंच अंतर ठेवायचं असतं, हे मलाही पहिल्यांदा कळलं. वाडीतली पोरं मापं काढत बसली. एकवीस फुलवाती लावल्या आणि वळवाचा पाऊस आला, लाइट गेली. मग त्या दिव्यांच्याच उजेडात आजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि हिलाही येत होतं, फक्त चाल वेगळी. दोघींनी आपापल्या चालीत म्हटलं, शेवटपर्यंत जुळलं नाही. अर्धे दिवे वाऱ्याने विझले. आजी म्हणाल्या, पुढच्या वेळी खिडकीला गोणपाट लावू.
पन्हाळेकाजी पाऊस संपल्यावर. सगळ्यांचे आभार, विपश्यनावाल्यांचेही.

धम्मपथिक | 3 जून, पहाटे 4:40
बाळ मोठं झालं की आळत्याचा विचार करा.

परशुराम_घाट | 3 जून, सकाळी 8:00
छान झालं. भाच्याचा बायोडेटा व्यनि केला होता, बघितलात का?