गोतसभा, ग्रामसभा आणि 'बिनविरोध'चं कौतुक

माळावरची
काल इथे एकाने लिहिलं, 'लोकशाही संविधानाने दिली नाही, आपल्या गोतसभेत (गावच्या जुन्या निवाडा-सभेत) ती होतीच. पंचायतींना घटनेत जागा देणाऱ्या 73व्या दुरुस्तीने नुसता कागद केला.' खाली सगळे वाहवा करतायत. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

गोतसभेचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, मीही वाचलेत. पाटलाचा नांगर, बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या, अख्खं गाव त्या कागदावर हजर. पण तिथे बसायचा हक्क वतनातून, म्हणजे पिढीजात हक्क-कामातून यायचा. महार साक्षीला होता, आणि गावाची राबणूकही त्याच वतनाने त्याच्या गळ्यात बांधली होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं. ती वतनं गेली 1958 च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यावर दोन वर्षांनी. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी गावाला झोडपलं, ते उगाच नाही. परंपरेने बसायला शिकवलं असेल. कोण बसणार हे बदललं ते कायद्याने.

जुना वाडा
ताई, पुढचंही सांगा ना. त्याच महिन्यात घटना समितीतले के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. राज्याने ग्रामपंचायती उभाराव्यात सांगणारं आजचं कलम 40 तेच. 1 मे 1962 ला आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि रुजल्या, कारण चारचौघांत बसून निवाडा करायची सवय गावाला आधीपासून होती. आमच्या गावात पंचवीस वर्षं मतदान नाही. देवळात बसतो, नावं ठरतात, फटाका वाजतो. खर्च नाही, डोकी फुटत नाहीत. याला काय म्हणायचं?

वांगीभात
देवळात कोण कोण बसतं ते लिहा.

माझ्या आईने फॉर्म भरला होता, राखीव जागेवर. छाननीत मंजूर झाला. माघारीच्या आदल्या रात्री भावकीतले सात जण ओसरीवर आले. कुणी आवाज चढवला नाही. चहा प्यायले. थोरले चुलते एवढंच म्हणाले, 'वहिनी, गावाचं नाव खराब होतंय.' सकाळी आईने तहसीलला जाऊन अर्ज मागे घेतला, आणि दुपारी गावात पेढे वाटले. त्यातला एक आमच्याही घरी आला. आईने तो खाल्ला नाही, गाईला घातला. तुमचं बिनविरोध हे असं असतं.

जुना वाडा
तुमच्या आईंचं वाईट वाटलं. पण एका घरावरून सगळ्या गावांना बोल लावू नका. आमच्याकडे असं होत नाही.

वांगीभात
होत नाही की तुमच्यापर्यंत येत नाही? नाशिकच्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदाचा लिलाव झाला, म्हणून राज्य निवडणूक आयोगाला जानेवारी 2021 मध्ये तिथल्या निवडणुका रद्द कराव्या लागल्या. तेही 'गावाने मिळून ठरवलं'च होतं. वर बिनविरोध गावांना आमदार लाखोंचा निधी जाहीर करतात!

रजिस्टर
निवडणुकीचं सोडा, ग्रामसभेचं बोला. आमच्याकडे गणपूर्ती (कोरम) होत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, की झाले ठराव मंजूर. नंतर शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार सह्या मागतो. मी दोनदा सही नाकारली, तर घरपट्टीच्या उताऱ्यासाठी तीन महिने हेलपाटे. यात परंपरा कुठली आणि संविधान कुठलं, तुम्हीच सांगा.

जुना वाडा
सगळे माझ्यावरच का धावताय? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. सगळ्यांचं एकमत होईस्तोवर बसतात, मतदान नाही. ती गोंडांची जुनी रीतच ना?

माळावरची
मेंढा मान्य. तिथे एकमत म्हणजे शेवटचा माणूस हो म्हणेपर्यंत थांबणं, आणि बायाही बोलतात. पण जंगलावरचा हक्क त्यांना मिळाला तो वनहक्क कायद्याने. नुसत्या रीतीवर मिळाला नव्हता.

जुना वाडा
रीत होती म्हणून तो कायदा त्यांना वापरता आला, एवढं तरी माना.

माळावरची
एवढं मानते. आता तुम्ही एक करा. पुढच्या वेळी देवळात बसाल तेव्हा ज्यांनी माघार घेतली त्यांच्या घरी जाऊन विचारा, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा.

वांगीभात
आणि घरातल्या बाईला विचारा. एकटीला.