धूर, ठसका आणि धांदल : तुमच्या स्वयंपाकघरातले अनुभव सांगा

दिवाळीच्या आदल्या रविवारची गोष्ट. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. चिवड्याचे पोहे तळायला कढई चढवली आणि खालून कुरिअरवाल्याने हाक मारली. दोन मिनिटांत येते म्हणून गेले आणि वॉचमनच्या बायकोशी बोलत उभी राहिले. वर आले तर ओट्यावर निळसर धूर, आणि माझ्या डोळ्यांदेखत तेलाने भप्पकन पेट घेतला. नवरा धावला, हातात पाण्याचा तांब्या. तेवढ्यात सासूबाई, ज्या एरवी भिंत धरून चालतात, "पाणी नको रे!" असं ओरडत आल्या, कणकेची परात आडवी धरली आणि कढईवर सरकवली. मग गॅस बंद केला. ज्वाळा गुदमरल्या. मी लगेच परात उचलायला गेले तर हातावर चापट बसली. "राहू दे. गार होऊ दे." परातीला अजून काळं कडं आहे. कणीक त्यातच मळते.

मुलाने नंतर समजावलं. तेल दोनशे अंशांच्या पार गेलेलं असतं, पाणी त्यात बुडतं, क्षणात वाफ होऊन फुगतं आणि पेटतं तेल छपरापर्यंत उडवतं. हे शाळेत शिकलेलं असणार, पण घाबरल्यावर हात तांब्याकडेच जातो.

तुमचेही सांगा. फजितीचे चालतील, गंभीर चालतील. ऐकीव नकोत.

सिडकोतून
आम्ही मूळचे धुळ्याचे, त्यामुळे उन्हाळ्यात काळ्या मसाल्याच्या मिरच्या घरी भाजायच्या हा नेम. एकदा वाऱ्याने खिडकी आपटून बंद झाली आणि तो ठसका दाराखालून जिन्यात गेला. चार मजले खोकत खाली. वरच्या आजोबांना गॅस गळतोय असं वाटलं, त्यांनी घरातला मेन स्विच पाडला. आता मिरच्या गच्चीवर आणि भरिताची वांगीही गच्चीवर. शेजारी वास घेत येतात, तो भाग वेगळा.

नाशिक रोडहून
आमच्याकडे खरंच गळत होता. पहाटे साडेचारला उठले तर स्वयंपाकघरात वास. सिलिंडर आदल्या रात्री मीच बदलला होता. ह्यांचा हात एक्झॉस्टच्या बटणाकडे गेला, मी मनगटच धरलं. हा गॅस हवेपेक्षा जड, ओट्याखाली जमिनीलगत साचतो. बटणाची ठिणगीही पुरते. दिवा न लावता चाचपडत रेग्युलेटर बंद केला, काढला आणि सिलिंडरच्या तोंडावर पांढरी टोपी दाबून बसवली. दोऱ्याने बांधलेली असते ना, तीच. आमच्या घरी ती मुलं खेळायला पळवायची, त्या दिवशी नशिबाने जागेवर होती. दारं-खिडक्या सताड उघडून खाली उतरलो आणि तिथून १९०६ ला फोन केला.

निघालं काय, तर व्हॉल्व्हमधलं काळं रबरी वायसर चिरलेलं. आता सिलिंडर आला की डिलिव्हरीवाल्या दादासमोरच सील काढते, तोंडात पाणी टाकून बुडबुडे येतात का बघते. तो वैतागतो. वैतागू दे.

जुन्या नाशकातून
माझं लहानपण भद्रकालीच्या मागे एका वाड्यात गेलं. लाकडी जिना, लाकडी तुळया, माळ्यावर जुन्या गाद्या. एका रात्री उंदराने समईतली तेलाने माखलेली जळती वात ओढून नेली, ती थेट माळ्यावर. वास आला तेव्हा गादीला मुठीएवढं लाल भोक पडलेलं. बाबांनी घागर ओतली, विझलं असं वाटलं. दोन तासांनी पुन्हा धूर. कापूस आतून धुमसत राहतो, वरून कळत नाही. बंब आला पण बोळाच्या तोंडाशी अडला, जवानांनी तिथून नळी ओढत आणली. तोवर वाड्यातल्या बायकांनी आडापासून बादल्यांची रांग लावलेली. शेवटी सगळ्या गाद्या चौकात आणून उसवल्या आणि कापूस मूठमूठ भिजवला. तो ओला करपट वास मला आजही ओळखता येईल. त्यानंतर आजी निजण्याआधी स्वतः समई शांत करायची, दुसऱ्या कुणावर सोपवायची नाही.

सातपूरहून
लहानच आहे. कुकरच्या वाफेने मनगट भाजलं, आईने टूथपेस्ट फासली. डॉक्टरांनी ती खरवडून काढताना जे सोसलं ते भाजण्याहून जास्त होतं. भाजलं की वीस मिनिटं नळाच्या धारेखाली धरा. बर्फ नको, तूप नको.

पंचवटीतून
अग्निशमन दलात २६ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सिडकोच्या आजोबांचं वाचून राहवलं नाही. गॅसचा वास असताना घरातला मेन स्विच पाडू नये, तोही स्विचच आहे. मीटर खाली, घराबाहेर असेल तर तिथून बंद करा.

दुसरं. १०१ लावून लोक "लवकर या" एवढंच ओरडतात आणि फोन ठेवतात. पत्ता सांगा, जवळचं देऊळ सांगा, मजला सांगा आणि एक माणूस कोपऱ्यावर उभा करा. शिंगाडा तलावाच्या अग्निशमन केंद्रातून निघालेला बंब वाटेत कमी आणि सोसायटीच्या फाटकात आडव्या लावलेल्या गाड्यांपुढे जास्त अडलेला पाहिलाय.

धुराने माणूस आधी जातो, ज्वाळा नंतर पोहोचतात. रांगत निघा, निघताना दार ओढून घ्या, लिफ्ट नको. आणि कपाटासाठी परत जाऊ नका. त्यावर जास्त लिहवत नाही.

म्हसरूळहून
मी सोसायटीचा खजिनदार. २००६ च्या कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आमचा कागद नेहमी वेळेवर. एकदा मीटरच्या पेटीतून धूर आला म्हणून जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर काढला, काटा लाल पट्ट्यात. दुसऱ्याचा काटा हिरव्यात होता पण पिन निघेना. रंगकाम करताना भिंतीबरोबर पिनेवरही रंग फासलेला! एमसीबी आपोआप पडला म्हणून निभावलं. आता दर १४ एप्रिलला, अग्निशमन दिनी, मुदत संपलेला एक सिलिंडर सगळ्यांसमोर मारून बघतो. काही सेकंदांत रिकामा होतो. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं बिघडलाच आहे.

पुन्हा इंदिरानगरहून
सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. परात घालायचं कुठे शिकलात, विचारलं. म्हणाल्या, "रॉकेलचा स्टोव्ह भडकला की ओलं गोणपाट टाकायचो. तुझ्या घरात गोणपाट कुठलं, परात दिसली."

मग दोघी ओट्याखाली वाकलो. नारिंगी नळीवरची तारीख त्यांना दिसेना, मी मोबाईलच्या उजेडात वाचली. पाच वर्षांची मुदत गेल्या पावसाळ्यातच संपलेली. उद्या सकाळी एजन्सीत.